जलरंगांची पेटी : नवशिक्यासाठी रंग, कागद आणि निगा



माळा आवरताना जुनी रंगपेटी हाती लागते, असा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. पत्र्याच्या पेटीतील वड्या तडकलेल्या असतात, ट्यूब दगडासारख्या घट्ट झालेल्या असतात आणि कुंचल्याचे केस कायमचे एका बाजूला वळलेले असतात. ‘रंग वाळले’ एवढ्या एका वाक्यावर निकाल लागतो आणि पेटी कचऱ्यात जाते. मग निवृत्तीनंतर हौस जागी झालेले गृहस्थ किंवा सुटी लागलेली मुले दुकानातून चोवीस रंगांची नवी पेटी आणि एक स्वस्त चित्रवही घेऊन येतात. चार-सहा चित्रे बिघडतात. ‘आपल्या हातात कला नाही’ असा दुसरा निकाल लागतो आणि नवी पेटीही माळ्यावर जाते. हे दोन्ही निकाल बहुधा चुकीचे असतात. पहिल्यात वाळणे म्हणजेच नासणे असे धरलेले असते. दुसऱ्यात कागदाचा दोष हाताच्या माथी मारलेला असतो.

जलरंग हा पदार्थच मुळी वाळावा आणि पुन्हा भिजावा अशा बेताने केलेला असतो. बारीक वाटलेले रंगद्रव्य आणि त्याला बांधून ठेवणारा बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक, हे त्याचे मुख्य घटक. नुसता डिंक वाळला की ठिसूळ होतो, म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मध घालतात. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्‌ज बंधूंनी रंगाच्या घट्ट वड्या बाजारात आणल्या. सहाणेवर गंध उगाळावे तशा त्या उगाळाव्या लागत. १८३५ च्या सुमारास विन्सर अँड न्यूटन या लंडनच्याच पेढीने ग्लिसरीन घातलेले मऊ रंग काढले, आणि १८४१ साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने धातूची दाबता येणारी ट्यूब शोधली. ट्यूब ही नंतर आलेली सोय; वडी हे अधिक जुने रूप.

तेव्हा वाळलेली ट्यूब टाकू नये. ब्लेडने ती उभी चिरावी, पत्रा सोलावा, आतला गोळा लहानशा वाटीत ठेवून त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब सोडावेत. बहुतेक रंग रात्रभरात नरम पडतात आणि वडीसारखे वापरता येतात. टोपण घट्ट बसले असेल तर पकडीने पिळू नये, ट्यूबच फाटते. टोपण क्षणभर गरम पाण्यात धरले की अडकलेला डिंक सुटतो. ट्यूब बंद करण्यापूर्वी तिचे आटे ओल्या फडक्याने पुसण्याची सवय असेल तर ही वेळच येत नाही. अपवाद दोन. बुरशी चढलेला किंवा आंबूस वास येणारा रंग टाकूनच द्यावा. आणि ॲक्रिलिक रंग एकदा वाळला की पाण्याने कधीही सुटत नाही. त्याचे कुंचले आणि बशी वेगळीच ठेवावी. फार जुन्या पेटीविषयी आणखी एक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकातील ‘एमरल्ड ग्रीन’ या सुंदर हिरव्यात सोमल असे. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय शाळेपासून अनेकांना असते, ती कोणत्याही रंगाच्या बाबतीत सोडलेली बरी.

चोवीस रंगांची पेटी डोळ्यांना सुखावते, पण शिकणाऱ्याला ती आळशी करते. हिरवा आयता मिळाला की पिवळ्या-निळ्यातून शंभर हिरवे निघतात, हे कळायचेच राहून जाते. एक लिंबाकडे झुकणारा व एक केशराकडे झुकणारा पिवळा, तसेच दोन तांबडे आणि दोन निळे, शिवाय एक बर्न्ट सिएना, एवढ्या सात रंगांवर वर्षभर काम चालते. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळली की पावसाळी ढगांचा जिवंत करडा मिळतो. तयार काळ्याने तेच आभाळ काजळीसारखे दिसते. वाचलेल्या पैशांत यांतील दोन-तीन रंग कलाकारांसाठी केलेल्या वरच्या प्रतीचे घ्यावेत. विद्यार्थ्यांच्या प्रतीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते.

पेटीत पांढरा असला तरी पारदर्शक जलरंगात उजेड देतो तो कागद. वरून आलेला प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि परत फिरतो. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे, हातात समई घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेले हे चित्र पुष्कळ प्रेक्षक तैलचित्र समजतात, आणि राजा रविवर्म्याच्या नावावरही ते सर्रास खपते. ते जलरंगातील आहे. बोटांच्या आडून ज्योतीचा उजेड झिरपतो, तो पाहिल्यावर जलरंग म्हणजे शाळकरी माध्यम, हा समज टिकत नाही.

शाळकरी समजालाही कारण आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांनी साधा चित्रकलेचा कागद आणि पोस्टर रंग यांवरच हात बसवला. पोस्टर रंग अपारदर्शक. तो कागद झाकतो, म्हणून कागद कसाही चालतो. तीच सवय घेऊन जलरंगाकडे आलेला माणूस पातळ कागदावर भरपूर पाणी ओततो. कागदाला पोळीसारखे फुगे येतात, रंग खळग्यांत साचतो, आणि खोडरबराने पृष्ठभाग उसवतो. यात हाताचा दोष थोडाच असतो.

काटकसर रंगात करावी, कागदात करू नये. कापसाच्या लगद्याचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी सोसतो. त्याचा २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव महाग वाटतो खरा. पण त्याचे आठ तुकडे होतात आणि पाठपोट वापरले तर सोळा अभ्यास निघतात. यापेक्षा हलका कागद असेल तर तो दोन्ही बाजूंनी भिजवून, लाकडी फळीवर चारी कडांना डिंकाच्या पट्टीने चिकटवून वाळू द्यावा. मग तो ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला राहतो. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून आपल्याकडे हातकागदाची परंपरा रुजवली. मात्र ‘हातकागद’ एवढ्या नावावर विसंबू नये. पत्रिकांसाठी केलेल्या कागदाला पुरेशी खळ नसते. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मण्यासारखा थोडा वेळ उभा राहिला तर कागद कामाचा. टिपकागदासारखा लगेच शोषला गेला तर त्यावर शाईने पत्रे लिहिणेसुद्धा कठीण.

कुंचले तीन पुरेत : आठ किंवा दहा क्रमांकाचा गोल, तीन क्रमांकाचा बारीक आणि एक इंची सपाट. गोल कुंचला भिजवून झटकला की त्याचे टोक आपोआप जुळले पाहिजे. एके काळी आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांना फार मान होता. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ते कुंचले विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. कृत्रिम धाग्यांचे कुंचले आज इतके चांगले मिळतात की त्या मोहाचे कारण उरलेले नाही. कुंचला पाण्याच्या भांड्यात डोक्यावर उभा ठेवणे हा त्याचा सर्वांत मोठा छळ. केस वाकतात ते वेगळेच. दांड्याचे लाकूड फुगते, वरचा रंग तडकतो आणि पत्र्याची बेळी सैल होते. काम संपताच साध्या साबणाने धुवावा, बोटांनी टोक आणावे आणि आडवा ठेवून वाळवावा. पॅलेटसाठी पांढरी चिनीमातीची बशी उत्तम. पाण्याची भांडी दोन हवीत, एक कुंचला धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाणी घेण्यासाठी.

बेळगाव आणि घाटमाथ्याच्या गावांत खरी परीक्षा पावसाळ्याची. ओली पेटी मिटून ठेवली की डिंकावर आणि मधावर आठवड्यात पांढरी बुरशी येते. पेटी रात्रभर उघडी ठेवून पूर्ण सुकल्यावरच मिटावी. दमट हवा कागदाची खळही खाते, मग त्यावर रंग चट्ट्यांनी उतरतो. म्हणून उरलेले ताव भिंतीला टेकवून ठेवू नयेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात आडवे ठेवावेत. नैसर्गिक केसांच्या कुंचल्यांना कसर लागते, त्यांच्या डब्यात डांबराची गोळी असू द्यावी.

चित्र पुरे झाल्यावर त्याचा शत्रू ऊन. इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲब्नी यांनी १८८८ साली जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामाचा अहवाल प्रसिद्ध केला. अनेक रंग उजेडात विटतात आणि हवा व ओलावा त्या विटण्याला मदत करतात, असे त्यांना आढळले. अलिझरिन क्रिमसन हा गर्द तांबडा विटणाऱ्यांपैकीच. ट्यूबवर ‘पीआर ८३’ अशी खूण असेल तर तो ठेवणीच्या चित्रात वापरू नये. ‘पीव्ही १९’ खुणेचा क्विनाक्रिडोन त्याच्या जागी चालतो. रंगाचे नाव कंपनीगणिक बदलते, पण खूण रंगद्रव्यच सांगते. चित्राला काच लावताना मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालावी, म्हणजे काच रंगाला चिकटत नाही; आणि तसबीर खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगू नये.

ज्या रंगावर खूण नाही त्याची परीक्षा घरीच करता येते. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा एक पातळ पट्टा ओढावा, खाली नाव लिहावे, पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा आणि ती दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून लावावी. दिवाळीत लावलेली पट्टी अक्षय्यतृतीयेला काढून काळा कागद उचलला, की कोणता रंग पेटीत राहावा आणि कोणता मुलांच्या चित्रवहीसाठी काढून ठेवावा, ते समोर दिसते.