यंत्र, शिक्षक आणि गांवची शाळा
(ज्युबिली-समारंभाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं गांवच्या सरकारी शाळेस संगणक व मोठा पडदा भेट द्यावा, असा विचार आपल्या मंडळींत चालला आहे. विचार स्तुत्य आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आतां त्या शाळेंत जात नाहींत; परंतु ज्यांना दुसरी शाळा परवडत नाहीं, त्यांचीं मुलें तेथेंच शिकतात. म्हणून तिची चिंता वाहणें हा आपला शेजारधर्मच होय. मात्र दान देण्यापूर्वीं तें कशानें फळास येतें, हें पाहणें दात्याचें कर्तव्य आहे. त्याविषयीं इतरत्र आलेला अनुभव थोडक्यांत आपणांपुढें मांडतों.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें २००८ सालापासून लहान मुलांसाठीं बनविलेले स्वस्त संगणक शाळांना वांटले. त्यांची संख्या आठ लक्षांवर गेली. २०१२ सालीं इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनीं ह्या योजनेचें परीक्षण प्रसिद्ध केलें. मुलें संगणक हाताळावयास शिकलीं होतीं, ही गोष्ट खरी. पण गणित व भाषा ह्या दोन विषयांत, संगणक मिळालेल्या व न मिळालेल्या खेड्यांतील शाळांमध्यें फरक आढळला नाहीं. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतें. आणि रोजच्या पाठाशीं ह्या साधनाची सांगड कशी घालावी, ह्याचें पुरेसें मार्गदर्शन शिक्षकांस मिळालें नव्हतें. पेटी आली, पण पाठ होता तेथेंच राहिला!

तर मग यंत्र निरुपयोगी म्हणावें काय? खचित नव्हे. दिल्ली येथें २०१५ सालीं सरकारी शाळांतील मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निवडलेल्या ६१९ मुलांपैकीं कांहींना शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत मोफत प्रवेश मिळाला. तेथील संगणक प्रथम मुलाला काय येतें तें तपाशी, आणि तेथूनच पुढचें उदाहरण त्याच्यापुढें ठेवी. सहावींत बसणारें मूल गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें असल्याचें ह्या तपासणींत आढळून आलें. अशा मुलापुढें सहावीचें पुस्तक रोज उघडलें, तरी त्याच्या पदरीं काय पडणार? साडेचार महिन्यांनीं परीक्षा घेतली, तेव्हां केंद्रांत जाणारीं मुलें गणित व हिंदी ह्या दोन्ही विषयांत इतरांच्या स्पष्टपणें पुढें गेलेलीं दिसलीं. आणि ह्या लाभांत मागें पडलेल्या मुलांचाही वांटा होता.

ह्या यशाचें मर्म संगणकाच्या चकाकींत नाहीं. मूल जेथें उभें आहे, तेथें जाऊन त्याचा हात धरण्यांत आहे. मुंबईंत १९९५ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेनें हेंच काम यंत्रावांचून केलें आहे. इयत्ता बाजूस ठेवून, मुलाला अक्षर, शब्द वा उतारा यांपैकीं काय वाचतां येतें, ह्यावरून तिनें गट पाडले व त्याप्रमाणें शिकविलें.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत परितेवाडी येथें जिल्हा परिषदेची लहानशी शाळा आहे. तेथें २००९ सालीं रुजू झालेले शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनीं पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचीं चौकोनी चिन्हें घातलीं. त्यांवर मोबाईल धरला, कीं कविता ऐकूं येई अथवा पाठाचें चित्रण दिसे. पुढें बालभारतीच्या पुस्तकांवरही अशीं चिन्हें छापलीं जाऊं लागलीं. २०२० सालीं श्री. डिसले ह्यांस दहा लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांनीं त्यांतील अर्धी रक्कम अंतिम यादींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें जाहीर केलें. हें साधन शिक्षकास आपल्या वर्गाची गरज दिसली म्हणून घडलें, हें विसरतां कामा नये.

त्याच वर्षीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, आणि ज्याच्या घरीं मोबाईल नाहीं त्याची शाळाही बंद, अशी दशा झाली. त्या संकटांत जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. सोलापुरांतील नीलमनगर ह्या कामगारवस्तींत एका मराठी शाळेच्या शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. साधन साधें, पण तें गरिबाच्या दारापर्यंत पोहोंचलें.

आतां मोबाईल पुष्कळांच्या घरीं आला आहे, तरी चिंता सरली नाहीं. ‘असर’ ह्या ग्रामीण पाहणींत २०२४ सालीं असें दिसलें, कीं १४ ते १६ वर्षांच्या शेंकडा ८२ मुलांस स्मार्टफोन वापरतां येतो. पण मागील आठवड्यांत शिक्षणासाठीं त्याचा उपयोग केलेलीं मुलें शेंकडा ५७, तर समाजमाध्यमांसाठीं केलेलीं ७६ होतीं. त्याच पाहणींत देशभरच्या सरकारी शाळांत तिसरींत शिकणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा २३ मुलांसच दुसरीचा उतारा वाचतां आला. हा आंकडा २०२२ सालीं १६ होता. म्हणजे सुधारणा आहे, पण पल्ला लांबचा आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली ही, कीं कांहींही विकत घेण्यापूर्वीं शाळेच्या गुरुजींस व बाईंस विचारावें. त्यांच्या वर्गास काय हवें, तें त्यांच्याइतकें आपणांस ठाऊक नाहीं. दुसरी, जमलेला सर्व पैसा खरेदींत घालूं नये. विजेचें बिल, इंटरनेटची वर्गणी व दुरुस्ती ह्यांसाठीं निदान पांच वर्षांची तरतूद बाजूस ठेवावी. नाहीं तर पुढच्या समारंभापर्यंत त्या पडद्यावर धूळच दिसेल. तिसरी सूचना विशेष महत्त्वाची. आपल्या तरुणतरुणींनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं आपलें सभागृह उघडून, ज्या मुलांच्या घरीं शांत जागा नाहीं वा मोबाईल नाहीं, त्यांच्याजवळ तासभर बसावें व त्यांचें वाचन ऐकावें. कोणत्याही जातीधर्माचें मूल त्या दारांत अडखळूं नये.

बंधुभगिनींनो, यंत्राच्या भेटीवर आपलें नांव कोरतां येईल. मुलाजवळ घालविलेल्या तासावर तें कोरतां येणार नाहीं. तरीही तिसरींतील एखादें मूल अडखळत, पण स्वतःच्या बळावर, पहिला उतारा पुरा वाचील, तर आपली ज्युबिली सार्थकीं लागली असें मीं समजेन.