चोच, चारा आणि सरकार

‘हम दो, हमारे दो’ हे शब्द एस.टी.च्या पाठीवर आणि दवाखान्याच्या भिंतीवर वाचत माझी पिढी मोठी झाली. लाल त्रिकोण म्हणजे काय, हे कळण्याआधी तो ओळखीचा झाला होता. त्यामुळे ‘मुलं होऊ द्या, खर्चाला आम्ही मदत करतो’ असं एखादं सरकार म्हणतं, तेव्हा आधी जरा गंमत वाटते.

पण आपल्याच देशात २०१३ पासून अशी एक योजना आहे. तिचं नाव ‘जियो पारसी’. १९५१ साली भारतात सुमारे १ लाख ११ हजार पारशी होते. २००१च्या जनगणनेत ते ६९,६०१ भरले आणि २०११ला ५७,२६४. म्हणून केंद्र सरकारनं वंध्यत्वाच्या उपचारांसाठी उत्पन्न पाहून मदत सुरू केली, तरुणांसाठी समुपदेशन ठेवलं. पुढे घरातली मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्यासाठीही मदत दिली. या योजनेतून ४००हून अधिक मुलं जन्मली. ज्या घरात पाळणा हलला, त्या घराला हा आकडा लहान नाही. पण त्याच समाजातली बारा हजारांहून अधिक माणसं एका दशकात कमी झाली होती.

याचं कारण सरळ आहे. डॉक्टरांचं बिल सरकार भरू शकतं. पण अनेक पारशी लग्नच करत नाहीत, केलं तर उशिरा करतात. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, तर तिच्या मुलांना पारशी मानायचं की नाही, हा वाद वेगळाच. या गाठी अनुदानानं सुटत नाहीत.

बाहेरही हेच दिसतं. सिंगापूरनं आधी ‘दोनवर थांबा’ म्हटलं, १९८७मध्ये ‘परवडत असेल तर तीन किंवा अधिक’ म्हटलं आणि २००१पासून बाळामागे रोख रक्कम दिली. तरी २०२३मध्ये तिथला जननदर एकाच्या खाली गेला. दक्षिण कोरियात तर भरपूर पैसा ओतूनही त्याच वर्षी तो ०.७२ होता.

आता थोडं घरचं बोलतो. मी मुसलमान आहे, मराठीत कविता लिहितो. लोकसंख्येचा विषय निघाला की बैठकीतल्या चार नजरा माझ्याकडे वळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की मुस्लिम बाईमागे १९९२-९३मध्ये सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१मध्ये ती २.४वर आली. माझ्या अम्मीला आम्ही सात. बहिणीला दोन. माझ्या लेकीला एकच. अम्मी म्हणायची, ‘ज्यानं चोच दिली, तो चाराही देईल.’ लेक म्हणते, ‘चारा मिळेल हो अब्बा, पण शाळेची फी? आणि मी कामावर गेल्यावर याला बघायचं कुणी?’ दोघींनाही सरकारनं काही विचारलं नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्र प्रदेशानं मात्र अशीच अट २०२४मध्ये काढून टाकली. तिथं आता म्हातारपणाची काळजी लागली आहे. धोरण वीस-तीस वर्षांत कूस बदलतं. बाईला मात्र आयुष्य एकच असतं. म्हणून कुणाला ‘फार झाले’ आणि कुणाला ‘कमी पडले’ असं म्हणताना सरकारनंही आणि आपणही जरा जपून बोलावं.

मग सरकारनं काहीच करू नये का? करावं. २०१७पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं आहे. पण शेतात खुरपणारी, घरी बसून विड्या वळणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यात कुठे बसते? तिच्या वस्तीत एक चांगलं पाळणाघर उघडलं, तर तिला एक मूल हवं असो की तीन, ते नीट वाढेल. किती हवीत, हे तिचं तिला ठरवू द्यावं.