तापाच्या मुळाशी जाणारे डॉक्टर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्यामध्ये डॉक्टरांचं भाषण ठेवलं की लोकांना वाटतं, आता हे साखर-तूप बंद करायला सांगणार. मोदकांबद्दल आम्ही आज काहीही बोलणार नाही. आम्ही सुरतेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन शिकवणारी माणसं. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ कसे घडतात आणि आपल्या शहराला ते का हवेत, एवढंच सांगायला आलो आहोत.

सभागृहात पन्नाशीपुढचे जे आहेत, त्यांना १९९४ चा गणेशोत्सव आठवत असेल. तापीला पूर येऊन गेला होता. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन झालं आणि दोन-तीन दिवसांतच धडधाकट माणसं ताप, खोकला, धाप घेऊन रुग्णालयात येऊ लागली. काही तर बघता बघता गेली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. सुरतेत संशय आला तो फुप्फुसाच्या प्लेगचा. पुढचं तुम्ही पाहिलं आहे. लाखो लोक गाड्या, बस, मिळेल ते वाहन पकडून निघून गेले. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार मात्र वॉर्डात उभे राहिले.

देशभरातले मृत्यू मोजले तेव्हा ते पन्नासच्या आसपास भरले. भीतीच्या मानाने आकडा लहान होता. पण हा आजार प्लेगच आहे की आणखी काही, यावर तज्ज्ञांत पुढेही बराच काळ वाद चालला. रुग्णाच्या खाटेजवळ बसणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळेत जंतू ओळखणारा डॉक्टर यांची रोजची ओळख असावी लागते. साथ आल्यावर ती करून घ्यायला वेळ नसतो. हा त्या सप्टेंबरचा धडा आम्ही आजही विद्यार्थ्यांना सांगतो.

मग हे शिक्षण प्रत्यक्षात कसं चालतं? एक प्रसंग सांगतो, रुग्णाचं नाव न घेता.

पावसाळ्याचे दिवस. लिंबायतचा एक लूम कामगार, मूळचा खानदेशातला, तापाने फणफणलेला, डोळे लाल, अंगावर कावीळ. आमच्या तरुण रेसिडेंटने केसपेपरवर लिहिलं : ताप, अंगदुखी, कावीळ. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या सांगितल्या आणि एक भारी अँटिबायोटिक सुरू करायची परवानगी मागितली. राउंडला आम्ही विचारलं, "अंग दुखतं म्हणजे नेमकं काय दुखतं?" त्याने विचारलंच नव्हतं. रुग्णाशी तो हिंदीत बोलत होता आणि रुग्ण नुसता मान हलवत होता. आमच्यातल्या एकाने अहिराणीत विचारलं. तो लगेच म्हणाला, "मन्या पोटऱ्या दुखतस." मग दुसरा प्रश्न : "गेल्या पंधरा दिवसांत काय काम केलं?" लूम बंद होते, म्हणून तो नवसारीकडे भातलावणीला गेला होता. दिवसभर गुडघाभर चिखलात, पायाला भेगा.

आमच्या दक्षिण गुजरातच्या डॉक्टरला एवढं पुरतं. उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात उतरणारे जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. तो लेप्टोस्पायरोसिस. त्यावर साधं, स्वस्त पेनिसिलिन चालतं, मात्र वेळेवर द्यावं लागतं. रक्ताचा नमुना घेतला आणि अहवालाची वाट न पाहता पेनिसिलिन सुरू केलं. मूत्रपिंडं थकली होती, काही वेळा डायलिसिस लागलं, पण माणूस चालत घरी गेला. त्याच आठवड्यात आलेला दुसरा एक शेतमजूर मात्र पाच दिवस इकडेतिकडे वेगवेगळी इंजेक्शनं घेऊन आमच्याकडे पोहोचला. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला होता. तो वाचला नाही. दोघांत फरक होता तो पाच दिवसांचा आणि दोन प्रश्नांचा.

हे प्रश्न विचारायची सवय लावणं, हाच आमचा अभ्यासक्रम. कुठे राहता, काय काम करता, कोणतं पाणी पिता, घरात आणखी कोण आजारी आहे? १८९६ साली मुंबईच्या मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो रुग्णांना नीट तपासून. आज हाताशी यंत्रं आहेत, पण कोणती तपासणी करायची हे अजूनही डॉक्टरलाच ठरवावं लागतं.

दुसरी सवय संयमाची. शक्य तिथे आधी कल्चर, मग अँटिबायोटिक. दोन-तीन दिवसांनी अहवाल पाहून औषध बदला, कमी करा किंवा सरळ बंद करा. तरुण डॉक्टरला औषध सुरू करणं सोपं वाटतं, बंद करताना हात थरथरतो. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने आपल्या शहरातल्या लोकांचे डोळे आणि जबडे गेले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांतून काय ओढवतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

या विषयाचा तज्ज्ञ व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि डीएमची आणखी तीन. डीएमची सोय दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा मोजक्या ठिकाणी आहे. शिवाय या शाखेत ना अँजिओप्लास्टी, ना दुर्बीण. फी मिळते ती विचार करण्याची, आणि ती द्यायला कुणाला आवडतं? म्हणून हुशार मुलं हृदय आणि पोटाकडे वळतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण लूमचं, हिऱ्यांचं, स्थलांतरितांचं आणि २००६ सारख्या पुराचं हे शहर आहे. इथल्या रुग्णालयांत अशा तज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग असावा, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

तुमच्याकडे तीन मागण्या. सर्दी-तापाला अँटिबायोटिक मागू नका आणि मागच्या वेळचं उरलेलं घेऊ नका. डॉक्टरकडे जाल तेव्हा आपण काय काम करतो, कुठून आलो हे न विचारताही सांगा. आणि घरातली मुलगी किंवा मुलगा मेडिसिननंतर ही शाखा निवडू पाहत असेल, तर "यात कमाई काय?" हा प्रश्न निदान पहिला विचारू नका.

१९९४ मध्ये वॉर्डात थांबलेले ते तरुण रेसिडेंट आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत. त्यांची जागा घेणारे आपल्यालाच तयार करायचे आहेत.

आता प्रसादाला उशीर नको.