नगरसेवक कोणाचा?

बेळगाव महानगरपालिकेने २००५ साली महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक शासनाने ती बरखास्त केली. त्या ठरावाचा मला आजही अभिमान आहे. परंतु ठराव झाला की प्रतिनिधित्वाचे कर्तव्य संपले, असे आपण मानीत गेलो. गटारे, नळ, घरपट्टी हे विषय आपणांस दुय्यम वाटले. (असे मानणाऱ्यांत मीही होतो.) २०२१ची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली व ५८पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. त्या विजयी उमेदवारांतही मराठी भाषक होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्यांना मी एवढेच विचारीन : घरपट्टीची नोटीस घेऊन एखादी आजी दाराशी आली, तर ती तिला तिच्या भाषेत वाचता यावी म्हणून आपण सभागृहात कधी उभे राहिलात?