दिवाडीचा चढ



पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा सायकलवर बसावं की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती. बायको विरोधात होती. मुलगा म्हणाला, "हेल्मेट घालणार असाल तर जा." माझा स्वतःचा निर्णय मात्र फोन आला त्याच क्षणी झाला होता. कारण तो फोन माझ्या शाळासोबत्याचा होता आणि जवळजवळ तीस वर्षांत त्याने मला 'कवी' म्हणून हाक मारली नव्हती.

"कवी, शनिवार-रविवार गोव्याला येतोस? मुलगी पणजीत नोकरीला आहे. तिने दोन सायकली ठरवून ठेवल्यात."

चिपळूणला गोवळकोटच्या रस्त्यावर आम्ही दोघं सायकल शिकलो. तासाला आठ आणे भाडं. तेवढे पैसे एकट्याकडे कधीच नसायचे, म्हणून चार आणे त्याचे, चार आणे माझे. अर्धा तास तो चालवणार, मी मागे धरून पळणार. पुढचा अर्धा तास मी. पाय जमिनीला पोचत नसत, मग मधल्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून वाकडंतिकडं पेडल मारायचं. गुडघे दोघांचे सारखेच फुटले.

मग 1993 साल उजाडलं. आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बाहेरचं वारं फार वाईट होतं. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो मला काही बोलला, मी त्याला काही बोललो. ते शब्द इथे सांगत नाही. भांडण असं झालंच नाही. त्यानंतर ईदला त्याचा फोन यायचा, दिवाळीला माझा जायचा. दोघंही फार अदबीने बोलायचो. मित्रांमधली अदब ही किती वाईट गोष्ट आहे, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल.

तर आम्ही गेलो. मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी नावाचं बेट आहे. पणजीपासून दहाएक किलोमीटर. कोकण रेल्वेची गाडी करमळी स्टेशनात शिरण्याआधी याच बेटावरून धडधडत जाते, पण तिथे थांबत नाही. म्हणजे मी या बेटावरून कितीतरी वेळा गेलो होतो, पण पाऊल ठेवलं नव्हतं. बेटावर जायचं तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने. शनिवारी सकाळी मासळीवाल्या बायका, स्कूटरवाले, शाळेची पोरं आणि हेल्मेट घातलेले आम्ही दोन म्हातारे, असे सगळे एकाच बोटीतून पलीकडे उतरलो.

उतरल्यावर रस्ता सरळ भातशेतीतून जातो. दोन्ही बाजूंना खाजन जमीन. म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी मिळवलेली शेती. आमच्याकडे हिला खार जमीन म्हणतात. बांधात जागोजाग लाकडी झडपांची दारं असतात. गोव्यात त्यांना 'मानस' म्हणतात, आमच्याकडे 'उघाडी'. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. या जमिनीत कोरगुट नावाचं, खारेपणा सोसणारं भात होतं. बांध एकदा फुटला आणि वेळेवर बांधला नाही, तर शेतात मीठ बसतं आणि मग काही वर्षं तिथे धड पीक येत नाही. सोबत्याला हे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तो म्हणाला, "मास्तर, पुढे बघा, खड्डा आहे."

बेटाच्या मधोमध टेकडी आहे. पिएदाद गावातून वर चढत जाणारा रस्ता लांब नाही, पण गिअर पहिल्यावर टाकूनही अर्ध्यावर माझा दम संपला. त्याचा गुडघा दुखत होता. दोघंही उतरलो आणि सायकली ढकलत वर गेलो. लाज वाटली नाही. ढकलताना बोलता येतं, चालवताना येत नाही.

माथ्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेलं पांढरंशुभ्र चर्च आहे. त्याच्या शेजारच्या दफनभूमीत कदंबकाळातल्या देवळाचे कोरीव दगड अजून दिसतात. खाली मांडवी, समोर जुन्या गोव्याचे घुमट आणि मनोरे, दुसऱ्या बाजूला चोडण बेटाची खारफुटी. तिथेच सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. आम्ही सावलीत बसलो. त्याने मोबाईल काढला आणि बेटाचा इतिहास मोठ्याने वाचायला लागला.

दिवाडीवर सप्तकोटीश्वराचं देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं हे आराध्य दैवत. 'सप्तकोटीश्वराच्या वराने लाभलेला' असं बिरुद ते नाण्यांवर कोरत. एवढं वाचून तो क्षणभर अडखळला आणि पुढे म्हणाला, "...सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं."

मी विचारलं, "मधलं एक वाक्य गाळलंस ना?"

तो गप्प.

"वाच."

"जाऊ दे रे, कवी."

"वाच. मला माहीत आहे ते."

मग त्याने वाचलं. चौदाव्या शतकात बहामनी सैन्याने ते देऊळ पहिल्यांदा मोडलं. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते परत उभारलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी पाडलं.

श्रोतेहो, मला त्या वाक्याचं काही वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटलं. पण त्याहून जास्त लागलं ते त्याचं वाक्य गाळणं. त्यात माया होती, हे मला कळत होतं. पण तीस वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो होतो. समोरच्याला लागेल असं वाक्य आलं की पान उलटायचं. मी त्याला तसं सांगितलं. म्हटलं, "सहाशे वर्षांपूर्वीच्या सैन्याचा जाब तू मला विचारणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मग माझ्यासमोर त्याचं नाव घ्यायला का भितोस?"

तो बराच वेळ खाली नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टपरीवर मी विचारला होता ना जाब."

"हो," मी म्हटलं, "आणि मी त्याहून वाईट उत्तर दिलं होतं."

एवढंच. क्षमा कोणी मागितली नाही. उतारावर मात्र त्याने ब्रेक सोडून सायकल हाणली आणि मी मागून ओरडत राहिलो.

रविवारी सकाळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून फेरीने नदी ओलांडली की डिचोली तालुक्यातलं नार्वे. पोर्तुगीजांच्या काळात सप्तकोटीश्वराचं लिंग भक्तांनी बेटावरून गुपचूप याच बाजूला आणलं. झाडीतून, चढउतार करत आम्ही देवळाशी पोचलो. 1668 साली शिवाजी महाराजांनी ते नव्याने बांधवलं. तसा शिलालेख तिथे आहे. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. कौलारू छपरं, वर घुमट, पुढे दीपमाळ. तो आत जाऊन दर्शन घेऊन आला. मी अंगणात उभा राहून घुमट बघत होतो.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "लिंग नदीपलीकडे आणलं तेव्हा इकडे राज्य कोणाचं होतं रे?"

"आदिलशहाचं," मी म्हटलं. "विजापूरच्या."

तो हसला, मीही हसलो. पण मी लगेच म्हटलं, "हे बघ, हे मी कालच्या वाक्याची फेड म्हणून सांगत नाहीये. एका सुलतानाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला इतिहास म्हणजे काही वाण्याची वही नव्हे. तेही झालं, हेही झालं. दोन्ही वाचायचं."

"वाचू की," तो म्हणाला. "आता गाळत नाही."

परतताना पुन्हा त्या बांधावरून आलो. ओहोटी लागली होती. मानशीची झडप थोडी उघडली होती आणि आतलं गढूळ पाणी हळूहळू बाहेर जात होतं. आम्ही दोघं सायकली टेकवून ते बघत उभे राहिलो. या वेळी मी काही समजावून सांगितलं नाही.

त्याच्या मुलीने संध्याकाळी स्टेशनवर सोडताना विचारलं, "काका, पुन्हा येणार ना?" मी म्हटलं, "येणार. पण तुझ्या बाबाला सांग, सायकल एकच घे. अर्धा तास तो चालवेल, अर्धा तास मी."

गाडी करमळीहून सुटली आणि लगेच दिवाडीवर आली. अंधार पडला होता. टेकडीवर दिवे दिसत होते. गाडी थांबली नाही, पण या वेळी मी खिडकीशी उभा होतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)