पाळत बाईवर नको, गाडीवर हवी

(नागपुरातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



दुसरी पाळी संपवून हिंगण्याहून निघालेली बाई थांब्यावर उभी असते. हातात साधा फोन. बस येऊन गेली की यायची आहे, कळायला मार्ग नाही. अंधारात थांबायचं की अनोळखी माणसांबरोबर ऑटोत बसायचं, एवढंच तिच्या हाती.

आज इथे ऑटोने कितीजणी आल्या? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर प्रवासी वाहनांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. केंद्राने २०१६ साली नियम केला. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. त्यातून तीनचाकी मात्र वगळली!

खर्चाचं कारण कुणी सांगितलं, तर उत्तर तयार ठेवा. स्वस्त पर्याय आहे. गाडीत बिनतारी संदेश देणारी छोटी डबी, रस्त्याकडेच्या खांबांवर तो टिपणारे संच. गाडी जवळून गेली की खांब तिचा क्रमांक टिपतो आणि नियंत्रण कक्षाला कळवतो. उपग्रह नको, प्रत्येक गाडीला सिमकार्ड नको. मर्यादा अशी: दोन खांबांमध्ये गाडी नेमकी कुठे, हे कळत नाही.

पैसा नाही असंही नाही. याच शहरात महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. २०२० साली ती सुमारे ८ हजार होती, एकेकाचं मासिक भाडं २०७ रुपये. हे घड्याळ आपल्याला बघतं का, संडासला जाताना काय करायचं, अशी धास्ती कामगार बायांनी बोलून दाखवली होती. झाडू मारणाऱ्या बाईवर पाळत ठेवायला पैसा निघाला. मग तिला घरी नेणाऱ्या गाडीसाठी का निघू नये?

आपल्या मागण्या साध्या आहेत. बस कुठवर आली, ते थांब्यावर दिसावं आणि ऐकूही यावं. ऑटोत डबी बसावी, पण खर्च चालकावर नको. तोही कष्टकरी आहे. नोंद किती दिवस ठेवायची, कोणी बघायची, हे त्याच्या संघटनेसोबत बसून ठरवू. नोंद गाडीची राहील, प्रवासी बाईची नाही.

आणि शेवटचं. बटण दाबल्यावर यंत्र धावून येत नाही, माणूस यावा लागतो. तो कोण आणि किती मिनिटांत येणार, हे लेखी घेतल्याशिवाय आपण उठायचं नाही.