फाळक्यांचा कॅमेरा आणि सरस्वतीबाईंचं काम

आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज गोष्ट आहे एका कॅमेऱ्याची. तरी फिरून मी आपल्या नोंदवहीवर येणारच, ते आधीच सांगून ठेवते.

बदलापूरच्या पुढचं वांगणी स्टेशन आपल्याला ठाऊक आहे. 'राजा हरिश्चंद्र' या दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटातली बाहेरची दृश्यं या वांगणीत घेतली होती. साल १९१२. मंडळी पुढं आली ती तलवारी, ढाली, भाले घेऊन. गावाला वाटलं, दरोडेखोरच आले! वर्दी गेली, फौजदार आले, सगळ्यांना धरलं. सिनेमा म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही, मग सांगून पटणार कसं? मागून फाळके पोचले. त्यांनी कॅमेरा मांडला, नटांना एक प्रसंग करायला लावला आणि हँडल फिरवून दाखवलं. आत फिल्म मात्र घातलीच नव्हती. महागाची वस्तू, फुकट कशाला घालवायची? मला तर हे फार पटलं.

हा कॅमेरा विलायतेतल्या विल्यमसन कंपनीचा. त्याच वर्षी फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि पन्नास पौंडांना तो घेऊन आले. लाकडी पेटी, पुढं काचेचं भिंग, बाजूला हँडल आणि खाली तीन पायांचा स्टँड. वीज नाही, बॅटरी नाही. हँडल हातानं फिरवायचं, साधारण सेकंदाला दोन फेरे. तेवढ्यात सोळा चित्रं निघतात. हात जलद झाला की पडद्यावर माणसं संथ चालतात, हात मंदावला की धावत सुटतात.

आत काय चालतं ते शिवणकाम करणाऱ्या तायांना लगेच कळेल. मशीनमध्ये सुई वर गेली की खालचे दाते कापड पुढं सरकवतात, सुई खाली आली की कापड थांबतं. कॅमेऱ्यात तसंच. फिल्म क्षणभर थांबते, झडप उघडते, चित्र उमटतं, झडप मिटते आणि फिल्म पुढं ओढली जाते. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंना त्यांच्या यंत्राची युक्ती सुचली ती शिलाई मशीनवरूनच.

पण फिल्म ओढायची तर दाते अडकायला भोकं हवीत. आणि फाळक्यांकडची कोरी फिल्म यायची बिनभोकाची! भोकं पाडायचं छोटं यंत्र त्यांनी कॅमेऱ्याबरोबरच आणलं होतं. ते चालवायला शिकल्या त्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई. दादरच्या घरात, दिवसभराचं काम उरकल्यावर, रात्री. फिल्मवर उजेड पडला की ती वाया, म्हणून अंधारात हातानं चाचपत. भोक जरा चुकलं की फिल्म अडकणार, फाटणार.

थांबा, हिशेब करू. हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. एका फुटात सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला एका बाजूला चार भोकं, दोन्ही बाजू मिळून आठ. म्हणजे फुटाला १२८. चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकं! हे फक्त पडद्यावर दिसलेल्या फिल्मचं. वाया गेलेली वेगळीच.

याशिवाय फिल्म धुवायची रसायनं कालवणं, फिल्म धुणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. आणि दागिने? तेही गहाण गेले. भांडवलासाठी लोकांना दाखवायला फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्र घेतलं. पडद्यावर मिनिटभरात दाण्याचा वेल झाला.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. चित्रपटात काम करायला बाई मिळाली नव्हती. पडद्यावर बाई नाही, पण पडद्यावर जे हललं त्याला बाईचा हात लागलेला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा परेश मोकाशींचा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातल्या सरस्वतीबाई आठवतील.

हे सगळं आठवायला कारण झालं मागच्या महिन्यातलं. आमच्या एका गटातली ताई कर्जाचा फॉर्म भरत होती. घरचा पापड-मसाल्याचा धंदा. दळण तिचं, लाटणं तिचं, वाळवणं तिचं, पाकिटं भरणं तिचं. नवरा टेम्पोनं माल पोचवतो. 'व्यवसाय' या रकान्यात तिनं काय लिहिलं? घरकाम. मी विचारलं, "ताई, असं का लिहिलंत?" तर म्हणाली, "धंदा त्यांच्या नावावर आहे ना, मी फक्त हातभार लावते." फॉर्म गेला तसाच, आणि स्वतःचा व्यवसाय नाही म्हणून परत आला.

मग आम्ही दोघी बसलो. पंधरा दिवस तिनं साध्या वहीत रोज लिहिलं, किती किलो दळलं, किती पापड लाटले, किती तास गेले. पंधराव्या दिवशी बेरीज तिनं स्वतःच केली आणि वही नवऱ्यापुढं ठेवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. नवा फॉर्म मागच्या सोमवारी दिलाय. 'व्यवसाय' मध्ये लिहिलंय, पापड व मसाला उत्पादन. मंजुरी अजून यायची आहे, कळली की सांगेन.

पुढच्या मीटिंगला येताना दोनशे पानी वही आणि पेन आणा. रकाने कसे आखायचे ते तिथं दाखवते.